कात्री, खळ आणि कविता

चिकटवही करणाऱ्या बहुतेकांची अडचण एकाच जागी येते. फोटो नीट कापलेला असतो, पाठीमागे रंगाचा हात फिरलेला असतो, एसटीचे तिकीट किंवा वाळलेले पान आपापल्या जागी बसलेले असते, आणि शब्दांसाठी राखलेला चौकोन रिकामा राहतो. शेवटी तिथे जे उतरते ते हजारदा उतरून गेलेले असते : आठवणींचा हिंदोळा, मनाचा कप्पा, सोनेरी क्षण, आयुष्याचे वळण. पान त्या माणसाचे असते, तिकीट त्याच्याच प्रवासाचे असते, शब्द मात्र कुणाचेही असू शकतात. हे पुस्तक त्या रिकाम्या चौकोनासाठी लिहिले आहे.

त्यामागची माझी धारणा सुरुवातीलाच सांगते. ताजे शब्द डोळे मिटून सुचण्याची वाट पाहिल्याने फारसे येत नाहीत. ते बाहेर पडलेले असतात : वर्तमानपत्रात, औषधाच्या वेष्टनावर, जुन्या पाकपुस्तकात, शिंप्याच्या आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात. ते हाताने उचलावे लागतात आणि दुसरीकडे नेऊन ठेवावे लागतात. चिकटवही करणाऱ्याला ही कला निम्मी आधीच येत असते, कारण इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूत त्याला काहीतरी दिसते. जो तिकीट जपतो त्याने शब्दही त्याच नजरेने जपावेत, एवढेच या पुस्तकाला म्हणायचे आहे.

नव्या वाचकांसाठी आधी क्षेत्राच्या सीमा आखून घेऊ. चिकटवहीत आयुष्यातले कागद टिकवले जातात : फोटो, कात्रणे, पत्रे, पावत्या. आर्ट जर्नलमध्ये टिकवण्यापेक्षा करण्यावर भर असतो. रंग, रेघ, कोलाज आणि अक्षर एका पानावर येतात आणि पान पूर्ण होण्यापेक्षा ते करताना काय घडते याला महत्त्व असते. या दोन्ही वह्यांत येणारी कविता तीन वाटांनी येते. एक, स्वतः लिहिलेली. दुसरी, छापील मजकुरातून शब्द कापून जुळवलेली. तिसरी, छापील पानावरचे नको ते शब्द झाकून उरलेल्या शब्दांतून दिसू लागणारी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला आपण सापडलेली कविता म्हणू.

या क्षेत्राला निदान तीन शतकांचा लेखी इतिहास आहे. युरोपातले वाचक आवडलेले उतारे एका वहीत उतरवून ठेवत. त्या वहीची अनुक्रमणिका कशी करावी याची पद्धत जॉन लॉक या तत्त्वज्ञाने मांडली, ती इंग्रजीत १७०६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकात छपाई स्वस्त झाली, वर्तमानपत्रे घरोघर येऊ लागली आणि उतरवण्याची जागा कापण्याने घेतली. मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट घेतले, ही गोष्ट त्या काळी हा छंद किती पसरला होता याची खूण आहे. आज दिसणारा सजावटी छंद मात्र अलीकडचा. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत कौटुंबिक नोंदींवर भरलेल्या जागतिक परिषदेत मॅरिलन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या वह्या मांडल्या आणि त्यानंतर कागद, स्टिकर, शिक्के यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आर्ट जर्नलकडे अनेकांचे लक्ष वेधले ते डॅन एल्डन या तरुण छायाचित्रकारामुळे. नैरोबीत वाढलेला हा मुलगा १९९३ मध्ये मोगादिशूत बावीस वर्षांचा असताना मारला गेला. त्याच्या मागे राहिलेल्या वह्यांतली पाने १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आली. फोटो, शाई, तिकिटे आणि हस्ताक्षर यांच्या थरांनी भरलेली ती पाने पाहून पुढे अनेकांनी वह्या घेतल्या.

या दोन परंपरांच्या शेजारून कवींची तिसरी परंपरा चालत आली आहे. तिच्यात मला चार घराणी दिसतात.

पहिले घराणे योगायोगाचे. १९२० मध्ये त्रिस्तान झारा या दादावादी कवीने कवितेची कृती सांगितली : वर्तमानपत्रातला लेख घ्या, त्याचे शब्द कापा, पिशवीत घालून हलवा आणि हाती येतील तसे उतरवा. त्याच सुमारास हॅनोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स रस्त्यावरच्या कागदांतून कोलाज करत होता. एका बँकेच्या जाहिरातीतून कापलेला ‘मेर्झ’ हा अर्थहीन तुकडा त्याने आपल्या साऱ्या कलेचे नाव म्हणून स्वीकारला. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये ब्रायन गायसिन हा चित्रकार चित्राच्या चौकटीसाठी पुठ्ठा कापत होता. खाली अंथरलेली वर्तमानपत्रेही कापली गेली, त्यांच्या पट्ट्या शेजारीशेजारी येऊन विचित्र वाक्ये तयार झाली आणि त्यातून त्याने व कादंबरीकार विल्यम बरोज यांनी कापाकापीचे तंत्र उभे केले. चिकटवही करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर तोच पुठ्ठा आणि तेच खालचे वर्तमानपत्र असते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरे घराणे निवडीचे. इथे पिशवी हलवत नाहीत, एकेक शब्द पारखून घेतात. रुमानियात जन्मलेली, जर्मनमध्ये लिहिणारी नोबेल विजेती हेर्टा म्युलर मासिकांतून शब्द कापते, ते खणांत लावून ठेवते आणि एकेका कार्डावर चिकटवून कविता रचते. तिच्या अशा कवितांची पुस्तके निघाली आहेत. स्कॉटिश कवी एडविन मॉर्गन याने शाळकरी वयापासून चिकटवह्या केल्या. १९३१ ते १९६६ या काळातले त्याचे सोळा खंड आज ग्लासगो विद्यापीठात आहेत. पुढे त्याने वर्तमानपत्रातली वाक्ये कापून छोट्या कविता केल्या. त्यात एकही शब्द त्याचा नाही, पण कात्री कुठे थांबली हे सर्वस्वी त्याचे आहे.

तिसरे घराणे झाकण्याचे. टॉम फिलिप्स या इंग्रज चित्रकाराने १९६६ मध्ये लंडनमधून तीन पेन्सला एक विस्मृतीत गेलेली कादंबरी विकत घेतली आणि तिच्या प्रत्येक पानावर चित्र काढत थोडेच शब्द उघडे ठेवले. ‘अ ह्यूम्यूमेंट’ या नावाने हे काम त्याने पन्नास वर्षे चालू ठेवले. शेवटची आवृत्ती २०१६ ची. त्यातला नायक ‘टोज’ (toge) हा ‘टुगेदर’ (together) आणि ‘ऑल्टुगेदर’ (altogether) या शब्दांच्या पोटातून काढलेला असल्याने ज्या पानावर हे शब्द आहेत तिथेच तो येऊ शकतो. रोनाल्ड जॉन्सनने १९७७ मध्ये मिल्टनच्या महाकाव्यातून अशीच कविता कोरून काढली, तर ऑस्टिन क्लिऑनने २०१० मध्ये काळ्या मार्करने वर्तमानपत्र झाकून केलेल्या कवितांचे पुस्तक काढले. आज शाळाशाळांतून हा खेळ होतो, त्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

चौथे घराणे साठवणीचे. जपानच्या दरबारातल्या सेई शोनागोनने सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या टिपणवहीत याद्या केल्या : मोहक वस्तूंच्या, वैताग आणणाऱ्या गोष्टींच्या. अमेरिकेत सुझन वुल्ड्रिजने ‘पोएमक्रेझी’ या १९९६ च्या पुस्तकात शब्द गोळा करून कागदाच्या तिकिटांवर लिहिण्याची आणि ती हाताळत कविता करण्याची पद्धत रुजवली. फ्रिजवर चिकटणारे चुंबकी शब्दही याच घराण्याचे. इथे कविता लगेच होत नाही, आधी कोठार भरते.

मराठीत हे सारे नव्याने आणावे लागत नाही. आपल्याकडे बाड होते. कीर्तनकार, रामदासी, गावोगावचे हौशी लोक अभंग, आर्या, पदे, औषधांचे पाठ, कधी घरचा हिशेबही एकाच बाडात उतरवत. किती तरी जुनी कविता अशा बाडांमुळे आपल्यापर्यंत पोचली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी वाङ्मयाची जमवाजमव केली ती मठामठांतली बाडे धुंडाळून. जात्यावरच्या ओवीत साचा ठरलेला असतो आणि आतला माल घरातला, शेतातला, त्या दिवसाचा. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यांतला कोणताही भाग वाचा, हाताशी असलेल्या वस्तूला कवितेत जागा देणे बायकांना किती सहज जमत होते हे कळते. उखाणाही नियमाची कविताच आहे : नाव यायलाच हवे, यमक जुळायलाच हवे, आणि त्या सक्तीतूनच गंमत निघते.

छापील कवितेतही प्रत्येक मोठा बदल शब्दांच्या नव्या मुलखातून आला. बहिणाबाई चौधरींच्या रचना त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या, तेव्हा खानदेशी शेताघरातली भाषा सगळ्या महाराष्ट्राला नवी वाटली. मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये, १९४७ साली, यंत्रयुगाचे आणि महानगराचे शब्द संतांच्या छंदांत बसवले. नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या ‘गोलपिठा’ने मुंबईतल्या गोलपिठा या वस्तीची बोली जशीच्या तशी कवितेत आणली. अरुण कोलटकर तर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक डिझाइनर होते. अक्षराचा आकार आणि शब्दाचा नाद ही दोन्ही त्यांच्या हातातली हत्यारे होती. या कवींनी कात्री हातात घेतली नसेल, पण शब्द कामाच्या जागेवरून उचलून कवितेत ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. ते धैर्य चिकटवहीच्या पानावर प्रत्येकाला आपल्यापुरते दाखवता येते.

शब्दांच्या जागा कुठल्या, हे एकदा मोजून पाहावे. पाऊस पडून गेल्यावर जमीन पेरणीला नेमकी योग्य होते, त्याला शेतकरी वाफसा म्हणतो. शिवणकाम करणारीकडे धावदोरा, काजे, टीप, दुमड आहे. मागावर ताणा, बाणा, धोटा आहे. कोकणातल्या मच्छीमाराकडे उधाणाबरोबर भांगाची भरती आहे. खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी होता आणि फर्मा होता. स्वयंपाकघरात विरजण, आधण, मोहन, उकड आहे. यांतला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी हातांना अचूक माहीत आहे. ‘नात्यातला ओलावा’ असे म्हटले तर वाचकाची नजर घसरून पुढे जाते. ‘आमच्यात वाफसा आला होता’ असे म्हटले तर ती थांबते, कारण त्या शब्दात पाऊस, वाट पाहणे आणि पुढे करायचे काम ही तिन्ही आहेत. शब्दकोशांतही असा खजिना आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ पासून निघू लागले. त्यांत बोलींचे आणि धंद्यांचे शब्द भरभरून आहेत. कोश अर्थ पाहायला उघडतात तसा नुसता भटकायलाही उघडावा.

कापून जुळवण्याच्या बाबतीत मराठीचा स्वभाव इंग्रजीहून वेगळा आहे आणि इंग्रजी पुस्तकांतली तंत्रे इथे तशीच्या तशी चालत नाहीत. इंग्रजी वर्तमानपत्रातून कापलेले नाम बहुधा मोकळे असते. मराठी नाम आपले नाते सोबत घेऊन येते. ‘घरात’, ‘पावसाने’, ‘आईच्या’ हे कापलेले तुकडे पाहा : प्रत्येकाला पुढे काय हवे ते आधीच ठरलेले आहे. ‘आईच्या’ला जोडीदार शोधता शोधता पुस्तकाच्या मागल्या पानावरचा ‘अनुक्रमणिकेत’ हाती लागतो आणि ‘आईच्या अनुक्रमणिकेत’ असा एक दरवाजा उघडतो. विशेषणाला लिंग असते. ‘ओली’ सापडली तर स्त्रीलिंगी नाम हवे, नाहीतर नपुंसकलिंगी अनेकवचन. पायरी आणि माती लगेच सुचतात, पण कॅलेंडरच्या तुकड्यावर ‘तारीख’ असते. ओली तारीख. ती कोणती, हे लिहिणाऱ्याला आपल्या आयुष्यात शोधावे लागते, आणि कविता तिथे सुरू होते. व्याकरणाची अट म्हणजे अडथळा असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात तीच अट त्याला सरावाच्या शब्दांपासून दूर नेते.

झाकण्याच्या तंत्रातही असेच. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि बातमीतली क्रियापदे ठरावीक असतात : म्हणाले, झाले, करण्यात आले. ती सगळी झाकली तरी मराठी वाक्य कोसळत नाही, नामे आणि विशेषणे एकमेकांजवळ उभी राहतात. मग कविता त्या नामांच्याच बळावर उभी असते, म्हणून बातमीपेक्षा पाककृती, पंचांग, रेल्वेची सूचना, बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर हा कच्चा माल पुष्कळदा जास्त रसाळ निघतो. कालनिर्णयच्या महिन्यामागचे पान तर या कामासाठीच छापले आहे असे वाटते. कापतानाही देवनागरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. शिरोरेषेच्या वर मात्रा आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात. कात्री चिकटून चालली की ‘रंग’चा ‘रग’ होतो आणि ‘अंग’चा ‘अग’. दोन्ही बाजूंनी थोडा कागद राखून कापावे, आणि असा अपघात झालाच तर नवा शब्द फेकण्याआधी एकदा वाचून पाहावा.

हे सारे आत्ताच का करायचे? कारण आत्ता आपले शब्द आपल्या आधी दुसरे कुणीतरी निवडते आहे. फोनवर दोन अक्षरे टाइप केली की तिसरा शब्द समोर येतो. वाढदिवस, लग्न, निधन, प्रत्येक प्रसंगाचा मजकूर तयार मिळतो. चिकटवहीच्या सामानाच्या दुकानात स्टिकर आणि शिक्के बहुतेक इंग्रजीत असतात, त्यामुळे आजीच्या फोटोशेजारी तिला कधीच कळली नसती अशी वाक्ये बसतात. दुसऱ्या बाजूला मोट, पाभर, माग, छापखान्यातले खिळे ही साधने नाहीशी होत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्द. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, काही घरे परदेशात आहेत आणि मराठी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गात भेटते. अशा मुलाला निबंध लिही म्हटले तर तो दचकतो. त्याच्यासमोर जुने मराठी मासिक, कात्री आणि गोंद ठेवला तर तो शब्द आधी डोळ्यांनी उचलतो, मग अर्थ विचारतो. भाषा हातात धरण्याचा हा मार्ग स्वस्त आहे आणि तो कुणालाही मोकळा आहे.

मोकळा असला तरी त्याला जबाबदारी आहे. आपण दुसऱ्याच्या शब्दांवर काम करतो. खाजगी वहीत काहीही चिकटवावे; ती छापायची किंवा दाखवायची असेल तर मूळ मजकूर कुणाचा हे सांगावे आणि जिथे परवानगी लागते तिथे ती घ्यावी. झाकणे ही कृती निरुपद्रवी नसते, हे सर्वांत तीव्रतेने दाखवले ते एम. नूर्बीसी फिलिप या कवयित्रीने. १७८१ मध्ये ‘झाँग’ या जहाजावरून शंभराहून अधिक गुलाम आफ्रिकी माणसे समुद्रात फेकली गेली. त्यावर इंग्लंडमध्ये खटला चालला तो विम्याच्या पैशांवरून. त्या निकालपत्रातलेच शब्द फोडून तिने २००८ मध्ये ‘झाँग!’ हे पुस्तक केले. कागदाने ज्यांना नाव दिले नव्हते त्यांचा आवाज तिने त्याच कागदातून काढला. आपण कुणाचा आवाज झाकतो आहोत आणि कुणाचा उघडतो आहोत, हे कात्री धरणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

कागदाशीही प्रामाणिक राहावे. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असते, म्हणून तो उजेडात आणि हवेत पिवळा पडून ठिसूळ होतो आणि शेजारचा फोटोही खराब करतो. जे टिकवायचे आहे ते आम्लरहित कागदावर घ्यावे. आजोबांचे पत्र, जुनी लग्नपत्रिका, हस्तलिखित बाड यांना कात्री लावू नये. त्यांची झेरॉक्स काढावी आणि ती मनसोक्त कापावी. घरी केलेली खळ पातळ आणि ताजी वापरावी. जाड थराने पान आक्रसते आणि कसर लागते.

आता या पुस्तकाविषयी. यात तयार ओळींचा साठा नाही, प्रसंगानुसार वापरायची वाक्येही नाहीत. शब्द शोधण्याच्या, साठवण्याच्या, कापण्याच्या, झाकण्याच्या आणि शेवटी स्वतः लिहिण्याच्या रीती यात आहेत, त्या सगळ्या मराठी मजकुरावर करून पाहिलेल्या. चारही घराण्यांकडून मी शिकले, पण माझा कल निवडीकडे आहे. पिशवी हलवून निघालेली ओळ चकित करते. ती आपली होते ती कुणीतरी ती ठेवायची की टाकायची हे ठरवल्यावर. म्हणून प्रत्येक अभ्यासात जुळवण्याइतकाच वेळ काढून टाकण्याला दिला आहे. चित्रकलेचे शिक्षण इथे लागत नाही आणि छंदोज्ञानही लागत नाही. शिक्षकांना वर्गात, कुटुंबांना सुट्टीत, एकट्या माणसाला रात्री अर्धा तास असे कसेही हे वापरता येईल. क्रमाने गेलात तर हात बसेल, मधूनच उघडलेत तरी काही बिघडणार नाही.

सापडलेल्या शब्दांच्या कवितेत ‘मी’ कुठे, असा आक्षेप घेतला जातो. माझे उत्तर असे की भाषेतला एकही शब्द आपण घडवलेला नसतो. सगळे शब्द आधीच्यांनी वापरून आपल्याकडे दिलेले आहेत. आपल्या वाट्याला निवड येते : कोणता शब्द उचलायचा, कुणाशेजारी ठेवायचा, कुणाला जाऊ द्यायचे. माणसाचे माणूसपण त्या निवडीत उमटते. ती निवड फोनकडे आणि तयार मजकुराकडे सोपवली तर आपल्या वह्यांत आपले फोटो राहतील, पण आपण काय पाहिले होते हे मागे राहणार नाही. ती पुन्हा आपल्या हातात घ्यायला आजचे वर्तमानपत्र आणि घरातली कात्री पुरते. सुरुवात करा.